थांबण्याचा खर्च कोणी सोसायचा?

अभिनयात उतरायचं म्हणणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तेवढे गुण तुझ्यात आहेत का, आणि तिथे आपलं कोण आहे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या होतकरू नटांचं आयुष्य जवळून पाहिलं, की तिसराच प्रश्न निर्णायक ठरताना दिसतो. तू किती काळ थांबू शकतोस, आणि त्या काळाचे पैसे कोण भरणार?

हा व्यवसाय मुख्यतः थांबण्याचा आहे. ऑडिशनच्या रांगेत थांबायचं, शॉर्टलिस्ट झाल्यावर फोनसाठी थांबायचं, सेटवर शॉटसाठी आणि काम झाल्यावर मानधनासाठी थांबायचं. मालिका बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्या काळात भाडं, प्रवास, जेवण चालूच असतं. हा खर्च आज जवळजवळ संपूर्णपणे नवख्या कलाकाराच्या, म्हणजे बहुधा त्याच्या आईवडिलांच्या, खिशातून जातो. फसवणूक, शोषण, खचून जाणं यांची चर्चा सुटीसुटी होत असते. मला त्या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच हिशेब दिसतो.

पूर्वी हा खर्च दुसरं कुणीतरी उचलत असे. संगीत नाटकांच्या काळात नट कंपनीचा असायचा. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्यांत राहणं कंपनीच्या बिऱ्हाडात, जेवण कंपनीच्या पंगतीत, पगार महिन्याचा. कंपनी बुडाली की सगळेच उघड्यावर, ही त्या व्यवस्थेची काळी बाजू होती. पण तालमीच्या दिवसांतही ताटात अन्न असे. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात स्टुडिओंनी हीच रीत चालवली. मालाडला १९३४ साली उभी राहिलेली बॉम्बे टॉकीज आपल्या नटांना पगारावर ठेवत होती. अशोक कुमार तिथे आधी प्रयोगशाळेत काम करत होते आणि १९३६च्या ‘जीवन नैया’त नायक म्हणून उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास ही पगारी पद्धत मोडली आणि नट चित्रपटागणिक करार करू लागला. मोठ्या ताऱ्यांना याचा फायदा झाला. बाकीचे रोजंदार झाले.

त्यानंतर मराठी नटाला ज्यांनी जगवलं त्यांची नावं नाटकाच्या श्रेयनामावलीत कधीच आली नाहीत. ते होते बँका, विमा कंपन्या, रेल्वे, महापालिका आणि बेस्ट. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, रीमा लागू युनियन बँकेत, प्रशांत दामले बेस्टमध्ये. आंतरबँक स्पर्धा, कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा आणि १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा यांच्यासाठी कचेऱ्यांमधून संघ उभे राहत. साहेब नाटकवेडा असेल तर तालमीला लवकर सोडत, प्रयोगाला रजा देत. डॉ. श्रीराम लागूंसारखा शल्यविशारदही चाळिशी उलटल्यावर, १९६९ साली पूर्णवेळ नट झाला. तोवर रुग्णालय चालू होतं. मराठी अभिनयाच्या एका थोर पिढीमागे पहिल्या तारखेचा पगार उभा होता, हे आपण पुरेसं मोजलेलं नाही. नव्वदीनंतर बँकांची भरती आटली, कंत्राटी नोकऱ्या आल्या. आजच्या खासगी कंपनीत मंगळवारी दुपारी ऑडिशनला जायचं म्हणून रजा मागणाऱ्याची नोकरी टिकत नाही. त्यामुळे मुलं पदवीनंतर नोकरी न धरताच या क्षेत्रात येतात, किंवा रात्रपाळीचं कॉल सेंटर, फूड डिलिव्हरी, मुलांच्या नाट्यशिबिरांत शिकवणं, निवेदन असं काहीतरी जोडून जगतात.

उपनगरांचा नकाशा इथे महत्त्वाचा ठरतो, कारण घर हेच या धंद्यातलं पहिलं भांडवल आहे. वर्सोव्याच्या आराम नगरातल्या बैठ्या घरांमध्ये कास्टिंगच्या कचेऱ्या आहेत, तालमीच्या खोल्या आहेत, छोटी नाट्यगृहं आहेत. ओशिवरा, यारी रोड, लोखंडवाला हा परिसर निर्मात्यांचा. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून उभी आहे. मढ, मीरा रोड, नायगाव आणि ठाण्याचा घोडबंदर रस्ता इथे मालिकांचे सेट लागतात. बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये आईवडिलांच्या घरी राहणारा मुलगा सकाळी पोहे खाऊन निघतो आणि संध्याकाळी परत येतो. नांदेडहून, अकोल्याहून आलेला मुलगा त्याच ऑडिशनसाठी चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीचं भाडं आणि डिपॉझिट भरून उभा असतो. त्यात ‘बॅचलर आहेत, वर फिल्म लाइनमधले’ म्हणून सोसायट्या नाकारतात. दोघांचे गुण सारखे असले तरी पहिला पाच वर्षं थांबू शकतो आणि दुसरा दीड. या फरकाला आपण नंतर ‘जिद्द’ असं नाव देतो.

वाहतुकीनेही माणसांची नशिबं बदलतात. ८ जून २०१४ ला घाटकोपर–वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तोपर्यंत मध्य रेल्वेवरच्या मुलांना आराम नगर गाठायला दादरला गाडी बदलावी लागे किंवा बसमध्ये घामाघूम व्हावं लागे, आणि मग त्याच चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. मेट्रोने तो प्रवास वीस-बावीस मिनिटांवर आणला. मुलुंडचं दुखणं अजून आहे. मुलुंड आणि चित्रनगरी यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर तेवढा आहे. पण बोगद्याचा जोडरस्ता पुरा होईपर्यंत पवईवरून वळसा घालणं भाग आहे. सकाळी सातचा कॉल टाइम असलेल्या मुलीला हा वळसा रोज मोजावा लागतो, आणि रात्री दहाला पॅक-अप झाल्यावर पुन्हा.

शिक्षणाचा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ पासून आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला आणि २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाच्या कालिन्यातल्या आवारात २००३ पासून नाट्यकला अकादमी. या सगळ्यांमधल्या जागा मिळून फार थोड्या भरतात. उरलेल्यांची खरी शाळा म्हणजे महाविद्यालयीन एकांकिका. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून, मुंबईतली आयएनटी, आणि चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’, जिच्यात इतर स्पर्धांमधल्या अव्वल एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री उभ्या राहतात आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट होईपर्यंत प्रेक्षक हलत नाहीत. रुपारेल, रुईया, साठ्ये, डहाणूकर, मुलुंडचं वझे-केळकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर या महाविद्यालयांच्या नाट्यमंडळांत मुलगा नेपथ्य उचलतो, लाइट लावतो, रात्री दोनपर्यंत तालीम करतो, पडतो, जिंकतो. एवढी कसून तयारी करून घेणारी आणि फी न मागणारी दुसरी व्यवस्था देशात फारशी नसेल.

या शाळेची मर्यादाही सांगायला हवी. एकांकिकेचा अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो आणि पाऊण तासात टाळी घ्यायची असते. कॅमेऱ्यासमोर तोच आवाज, तेच हातवारे जड होतात. स्पर्धेत अभिनयाची पारितोषिकं घेतलेली मुलं पहिल्या ऑडिशनमध्ये ‘लाउड आहे’ या दोन शब्दांत बाद होतात आणि त्यांना कारण कुणी समजावत नाही. मग ती क्लासकडे वळतात.

अंधेरीत अभिनयाचे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांत मन लावून शिकवणारे जाणते शिक्षक आहेत, तसेच तीन महिन्यांचं प्रमाणपत्र आणि ‘शंभर टक्के काम’ विकणारेही आहेत. बाहेरून दोघांच्या पाट्या सारख्याच दिसतात. पालकांना वाटतं, कुठेतरी सरकारी नियम असेल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली खरी, पण कोचिंगच्या त्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील गोष्टी वगळल्या. आयआयटीच्या क्लासने खोटा दावा केला तर त्याला विचारायला खास नियम आहे. हिरो करून देतो म्हणणाऱ्याशी ग्राहक कायद्याच्या सर्वसाधारण कलमांवर भांडावं लागतं. याच्या शेजारीच पोर्टफोलिओचा बाजार आहे. ‘आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा, मग नाव पुढे पाठवतो’, ‘रजिस्ट्रेशन फी भरा’, ‘आर्टिस्ट कार्ड काढून देतो’. खऱ्या कास्टिंग दिग्दर्शकाला निर्माता पैसे देतो, तो नटाकडून पैसे घेत नाही. ही एक गोष्ट अकरावीतल्या मुलांना सांगितली तरी पुष्कळ घरांची बचत वाचेल. कॅलिफोर्नियाने २०१० पासून काम मिळवून देण्याच्या नावाखाली आगाऊ फी घेणं गुन्हा ठरवलं आहे, आणि २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पैसे घेऊन ‘कार्यशाळा’ चालवणाऱ्या कास्टिंगवाल्यांवर खटले भरले गेले. मुंबईसाठी असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने करावा, असं मला ठामपणे वाटतं. देशातला सगळ्यांत मोठा मनोरंजन व्यवसाय या राज्यात आहे.

ऑडिशनचं रूप दहा वर्षांत पालटलं. पूर्वी आराम नगरात दारोदार फिरून ‘काही आहे का?’ विचारायचं आणि दारातल्या मुलाने एक नजर टाकून ‘नॉट फिट’ म्हणायचं. महासाथीनंतर सेल्फ टेप रूढ झाली. व्हॉट्सअॅपवर संवाद येतो, घरी पांढऱ्या भिंतीसमोर चित्रित करून संध्याकाळपर्यंत पाठवायचा. लातूरच्या मुलालाही आता मुंबईत न येता ऑडिशन देता येते, ही मोठी सोय. पण रिंग लाइट, चांगला फोन, शांत खोली आणि समोरचे संवाद बोलणारा सोबती या गोष्टी आता नटाने पुरवायच्या. निर्मात्याच्या कचेरीतला खर्च त्याच्या घरात आला. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने २०२३च्या ११८ दिवसांच्या संपानंतर जो करार केला त्यात सेल्फ टेपसाठी किती पानं मागायची यावर मर्यादा घालून घेतली. आपल्याकडे रात्री अकराला चार पानं येतात आणि सकाळी नऊपर्यंत हवी असतात. आणि उत्तर? नकारही येत नाही. फॉलोअर्स किती, हा प्रश्न मात्र आता फॉर्मवरच असतो.

काम मिळालं की सगळं सुरळीत होतं, हा बाहेरच्यांचा समज आहे. मराठी मालिकांचा विस्तार मोठा आहे. १९९९ साली अल्फा मराठी आली, तिचीच पुढे झी मराठी झाली. मग ईटीव्ही मराठी, स्टार प्रवाह, सोनी मराठी, सन मराठी. हजारो माणसांचं घर यावर चालतं. मात्र टीव्हीतला रूढ रिवाज असा, की कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळतात. जानेवारीत केलेल्या कामाचा धनादेश एप्रिलच्या शेवटी. पहिली मालिका मिळालेल्या मुलाला सेटवर घालायला बरे कपडे, रात्रीच्या रिक्षा, जिम, त्वचेची निगा हे सगळं पहिल्या महिन्यापासून लागतं, म्हणजे काम मिळाल्यावर त्याचं कर्ज वाढतं. हाती येणाऱ्या रकमेतून १० टक्के कर आधीच कापलेला असतो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही, आणि हे ठाऊक नसल्याने कित्येक जण तो सोडून देतात. को-ऑर्डिनेटरचे टक्के वेगळे. त्यात निर्माता बुडाला किंवा मालिका अचानक बंद झाली, तर शेवटचे तीन महिने अधांतरी.

यासाठी निर्मात्यालाच दोषी धरणं पुरेसं नाही. त्याला वाहिनीकडून पैसे उशिरा येतात आणि तो ते ओझं खाली ढकलतो. सगळ्यांत खाली नट, स्पॉटदादा आणि ज्युनिअर आर्टिस्ट उभे असतात. १९५८ साली स्थापन झालेली सिंटा ही कलाकारांची संघटना अशा थकबाकीचे वाद हाताळते, पण तिच्याकडे दाद मागायची तर करार हवा. ‘मेसेजवर ठरलंय’ एवढ्यावर काम सुरू करणारे नवखे इथेच अडकतात. १९८१च्या सिने कामगार कायद्याने लेखी करार सक्तीचा केला होता, तरी त्याचा रोख कथापटांवर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षाविषयक संहितेत मालिका, वेब मालिका, जाहिराती, रिअॅलिटी शो हे सगळं आलं आहे, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत मानधन असलेल्या कलाकाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर घेता येत नाही. नवख्या नटासाठी गेल्या कित्येक वर्षांत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे आणि सेटवर त्याची चर्चा फारशी ऐकू येत नाही.

तुलना बालकलाकारांशी करून पाहावी. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. अंमलबजावणी किती होते हा वेगळा विषय, पण नियम स्पष्ट आहे. प्रौढ नटाची टीव्हीतली शिफ्ट बारा तासांची, आणि आधी चित्रित करून ठेवलेले एपिसोड कमी पडले की तीही लांबते.

रंगभूमीवर हिशेब निराळा. व्यावसायिक नाटकात नटाला ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. प्रयोग शनिवार-रविवारी बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, पार्ल्याच्या दीनानाथला, मुलुंडच्या कालिदासला, दादरच्या शिवाजी मंदिरात. महिना-दीड महिना चालणाऱ्या तालमींचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. नाटक उभं राहिलं, चाललं, तर प्रशांत दामलेंसारखा नट २०२२च्या नोव्हेंबरमध्ये १२,५०० वा प्रयोग करतो. ते एक टोक. पंचवीस प्रयोगांत नाटक थांबलं तर सहायक भूमिकेतल्या मुलाचा तालमीचा प्रवासखर्चही सुटत नाही. म्हणून जो तो मालिका आणि नाटक एकत्र धरतो आणि शनिवारचं चित्रीकरण वेळेवर सुटेल का, या धास्तीत वर्षं काढतो. प्रायोगिक नाटकात तर नटच खिशातून घालतो. मराठी रंगभूमीच्या प्रतिष्ठेबद्दल आपण इतकं बोलतो, तर तालमीला रोजचा भत्ता देण्याची शिस्त सरकारी अनुदानाच्या अटीत घालायला काय हरकत आहे?

मुलींचा प्रश्न वेगळा लिहावा लागतो. राधिका आपटे आणि कोल्हापूरहून आलेल्या, ‘धग’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या उषा जाधव यांनी २०१८च्या बीबीसीच्या माहितीपटात कामाच्या बदल्यात शरीराची मागणी होते, हे उघडपणे सांगितलं. नाव असलेल्या अभिनेत्रींना हे बोलायला इतकी वर्षं लागतात, तर यारी रोडवर तीन मैत्रिणींसह राहणारी मुलगी कुणाकडे जाणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात तक्रारदार स्त्री नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही. काम मागायला, ऑडिशनला गेलेल्या मुलीलाही तो लागू पडतो असंच त्याच्या शब्दांवरून दिसतं, आणि कंपनीत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते. केरळने आपल्या चित्रपट उद्योगातल्या स्त्रियांच्या स्थितीच्या चौकशीसाठी न्या. हेमा समिती नेमली. तिचा अहवाल २०१९ मध्ये तयार झाला आणि १९ ऑगस्ट २०२४ ला अखेर प्रसिद्ध झाला. त्याने तिथला उद्योग ढवळून निघाला. मुंबईतल्या हिंदी-मराठी व्यवसायाची तशी चौकशी व्हायला हवी. ज्या मुलीकडे पुढच्या महिन्याच्या भाड्याची सोय आहे ती ‘रात्री भेटायला ये’ला नाही म्हणू शकते; जिच्याकडे नाही तिच्यावर दबाव टाकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक असतं.

अलीकडे एक चांगली गोष्ट घडली. २०१६ पासून ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापुरात, ‘लागिरं झालं जी’ साताऱ्यात, ‘रात्रीस खेळ चाले’ सिंधुदुर्गात चित्रित झाल्या आणि स्थानिक नटांना गावात राहून कॅमेरा मिळाला. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’साठी अकलूजची मुलगी उभी केली, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये अनेक चेहरे अभिनयाचा अनुभव नसलेले होते. बोलीचा अस्सलपणा हा आता दोष राहिला नाही. हिंदीत मराठी उच्चार ऐकला की हवालदार किंवा कामवाली हे गणितही हळूहळू ढिलं होतं आहे. पण मालिका संपली की साताऱ्याचा तो नट पुढच्या कामासाठी अखेर ओशिवऱ्यातच खोली शोधतो.

नवे मार्गही आहेत. अंधेरीतल्या डबिंग स्टुडिओंत दाक्षिणात्य आणि परदेशी चित्रपटांना हिंदी-मराठी आवाज देणारे, ऑडिओबुक वाचणारे, मोबाइलवरच्या उभ्या चौकटीतल्या दीड-दोन मिनिटांच्या मालिका करणारे. डबिंगने कित्येक नटांना टिकवलं. तिथे आता यंत्राने आवाजाची नक्कल करण्याचं सावट आहे. अरिजित सिंह यांच्या आवाजाच्या अशा वापराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली. प्रसिद्ध गायक न्यायालयात जाऊ शकतो. दोन तासांच्या कामासाठी गेलेला मुलगा मात्र ‘आवाजाचे सर्व हक्क, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ या ओळीखाली सही करून बाहेर पडतो, कारण नाही म्हणाला तर बाहेर दुसरा उभा आहे.

घरच्यांनी काय करावं, असं मला पालक विचारतात. मी सांगतो, ‘किती वर्षं?’ हे आधी ठरवा आणि तेवढ्या काळाच्या खर्चाचा आकडा कागदावर मांडा. मुलाला स्वतःची कमाई होईल असं एक जोडकाम आनंदाने करू द्या. नायक होण्यापेक्षा वर्षातले दीडशे दिवस काम असलेला चरित्र नट होणं हे यश आहे, हे घरात मोकळेपणी बोला. पण हा घरापुरता उपाय झाला, आणि ज्या घरात कागदावर मांडायला आकडाच नाही तिथे तोही लागू नाही.

मालिकेचं बजेट करताना जनरेटरचं भाडं, गाड्या, जेवण, दिवे यांची रक्कम आधी धरलेली असते, आणि दिवेवाला ९० दिवस थांबायला तयार नसेल तर त्याला आगाऊ दिली जाते. दुसऱ्या फेरीच्या ऑडिशनला बोलावलेल्या माणसाचा प्रवासखर्च आणि कामाच्या तारखेपासून ३० दिवसांत मानधन, ही दोन कलमं त्याच कागदावर घालता येतील. ती घालायला निर्मात्याला भाग पाडण्याची ताकद वाहिन्या आणि ओटीटी कंपन्यांकडे आहे, कारण बजेट त्याच मंजूर करतात. संघटनांनी आणि सरकारने मागणी घेऊन त्यांच्याच दारात जायला हवं.